जांघेतली गाठ काय सांगते

नवरात्र आटोपलं की बडोद्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. नऊ रात्री अनवाणी गरबा खेळून तळपायाला फोड आलेले असतात, अंगठ्याशेजारची कातडी सोललेली असते, कुठे खडा रुतलेला असतो. पायाकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. मग एके दिवशी आंघोळ करताना जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ हाताला लागते आणि पोटात गोळा येतो. मोबाइलवर शोधायला बसलं तर पाचव्या मिनिटाला कॅन्सर. घरातली आजी मात्र एवढंच म्हणते, "अवधाण आलंय. पायाला काय झालंय ते दाखव आधी."

आजीचं बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण पाय दुखावला तर गाठ जांघेत का यावी, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं आणि आपल्यालाही नसतं. ते एकदा कळलं, की प्लेगपासून हत्तीपायापर्यंत बऱ्याच रोगांची गोष्ट उलगडते.

रक्ताच्या सगळ्यांत बारीक वाहिन्यांच्या भिंतींतून पातळसर द्रव सतत पाझरत असतो. पेशींना लागेल ते देऊन झाल्यावर हा द्रव परत रक्तात जायला हवा, नाहीतर आपण सुजून जाऊ. त्याला परत नेणाऱ्या वेगळ्या नळ्या असतात, फार नाजूक भिंतींच्या. त्यांतून वाहतो तो द्रव म्हणजे लसिका. दिवसाकाठी काही लिटर लसिका अशी वाहते आणि तिला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. आपण चालतो, पोटऱ्या आवळतात, श्वास घेतो, त्या दाबाने ती पुढे सरकते. नळ्यांत झडपा असतात म्हणून मागे फिरत नाही. शेवटी गळपट्टीच्या हाडाखाली, मानेच्या बुडाशी, ती मोठ्या शिरेत जाऊन मिळते. हा शेवटचा भाग लक्षात ठेवायचा, कारण लसिकेत जे काही शिरलं आणि वाटेत अडलं नाही, ते उशिरा का होईना रक्तात पोचतंच.

वाटेत अडवायला गाठी असतात, लसिका ग्रंथी. अंगभर मिळून पाचशेच्या वर. एरवी त्या डाळीच्या दाण्यापासून वालाएवढ्या असतात, हाताला लागतही नाहीत. जुन्या बडोद्याला चार दरवाजे होते: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. आजव्याकडून येणारा माणूस पाणीगेटलाच अडायचा, लहरीपुऱ्याला त्याचा काही संबंध नव्हता. शरीरातही प्रत्येक भागाचा दरवाजा ठरलेला आहे. पायाची लसिका जांघेत, हाताची आणि छातीची काखेत, दात-हिरड्या-टॉन्सिलची जबड्याखाली, डोक्याच्या कातडीची कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला. म्हणून डॉक्टर काखेतली गाठ बघतात आणि मग तुमच्या बोटांची नखं तपासत बसतात. शाळकरी पोराच्या मानेवर गाठी आल्या तर आधी केस विंचरून उवा आणि खरजेचे फोड बघतात.

जंतू लसिकेबरोबर वाहत आले की गाठीतल्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि भराभर वाढतात. त्या वाढीनेच गाठ फुगते, ताणाने दुखते. मूळ जखम बरी झाली की दोन-तीन आठवड्यांत ती आपसूक बसते. तोवर तिला रगडू नये, दाबून बघत बसू नये. चुना-गूळ लावायची पद्धत अजून काही घरांत आहे. त्याने गाठीला काही होत नाही, कातडी मात्र भाजते.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्याची. जखमेपासून काखेकडे किंवा जांघेकडे लाल रेघ चढताना दिसली, सोबत थंडी वाजून ताप आला, तर जंतू लसिकेच्या नळीतूनच वर सरकत आहेत. बहुधा स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असतो. साध्या बॉलपेनने रेघ जिथे संपते तिथे खूण करून वेळ लिहावी. दवाखान्यात पोचेपर्यंत रेघ खुणेच्या किती पुढे गेली, यावरून डॉक्टरांना बरंच कळतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, श्वास जोरजोरात चालू झाला, लघवी कमी झाली, तर जंतू रक्तात पसरले असण्याची शक्यता धरायची आणि ओळखीच्या कंपाउंडरकडून इंजेक्शन घेत बसण्याऐवजी सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

गाठ आणि रक्त यांतलं हे अंतर जिवावर कसं बेततं, त्याचा सगळ्यांत भयानक दाखला आपल्या गावाशेजारीच आहे.

गोरवा ओलांडून रिफायनरीच्या बाजूला गेलं की उंडेरा लागतं. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे. 1898 साली ते बडोदे संस्थानातलं एक लहान खेडं होतं आणि तिथे गाठीचा प्लेग शिरला होता. मुंबईत मांडवीला 1896च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला होता. तिथून दीड वर्षात रोग रेल्वेने आणि धान्याच्या पोत्यांबरोबर गुजरातेत उतरला.

प्लेगचा जंतू उंदरांचा. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचं रक्त पिते, जंतू तिच्या पोटाच्या तोंडाशी वाढून तिथे बोळा बसतो. मग कितीही प्यायलं तरी रक्त पोटात उतरत नाही. भुकेने वेडी झालेली पिसू मिळेल त्याला चावत सुटते आणि दर चाव्याला अडकलेलं रक्त जंतूंसकट जखमेत ओकते. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं आणि पिसवा माणसाकडे वळतात. जमिनीवर उंदीर, जमिनीवर पिसू, आणि आपली माणसं अनवाणी. चावा पायाला, म्हणून बहुतेकांना गाठ जांघेत.

पण प्लेगच्या गाठीत आणि गरब्याच्या अवधाणात एक मोठा फरक आहे. कातडीखाली शिरलेल्या जंतूला पांढऱ्या पेशी गिळतात आणि जांघेतल्या गाठीकडे घेऊन जातात. साधा जंतू असता तर तिथे मेला असता. प्लेगचा जंतू गिळला गेल्यावरही जगतो. ज्या पेशीने त्याला पकडलं तीच त्याला आतपर्यंत आणून सोडते. गाठीत तो इतका वाढतो की गाठ लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी होते, माणूस मांडी हलवू शकत नाही. मग गाठ हरते. जंतू पुढच्या नळीत, तिथून गळपट्टीखालच्या शिरेत, रक्तात. रक्तातून फुप्फुसात गेला तर खोकल्याबरोबर उडून तो पिसूशिवायच दुसऱ्याला लागतो. उपचार नसतील तर गाठीच्या प्लेगने शंभरातले तीस ते साठ दगावतात. रक्तातला आणि फुप्फुसातला प्लेग उपचाराशिवाय जवळजवळ कोणालाच सोडत नाही.

ओडेसाचे वाल्देमार हाफकीन तेव्हा मुंबईत प्लेगवर लस बनवत होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. बनवण्याची तऱ्हा वाचून गंमत वाटते. जंतू वाढवायला बोकडाच्या मांसाचा रस्सा वापरला, म्हणजे हिंदूंनाही चालेल आणि मुसलमानांनाही. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढायचे. बाटली हलवली की तळाशी बसायचे आणि वर नवे लोंब धरायचे. पुरेसे झाले की उष्णता देऊन मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटवून देतो.

लस चालते हे सिद्ध कसं करायचं, हा खरा पेच होता. टोचून घेणारे लोक बहुधा सुशिक्षित, बऱ्या वस्तीतले. ते लशीशिवायही कमी आजारी पडले असते. शंका घेणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उंडेऱ्यात 1898च्या फेब्रुवारीत यावर तोड काढली गेली. घराघराप्रमाणे माणसं उभी केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या लोकांना लस टोचली. 513 जणांना टोचली, 437 जण तसेच राहिले. एकच छप्पर, एकच कोठार, तेच उंदीर, तीच जमीन. फरक फक्त सुईचा.

पुढे 28 घरांत प्लेग शिरला. त्या घरांत टोचलेली 71 माणसं होती. त्यांतली 8 आजारी पडली, 3 गेली. न टोचलेली 64 होती; त्यांतली 27 आजारी पडली आणि 26 गेली.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा सत्तावीसातला वाचलेला एक कोण असेल, हाच विचार डोक्यात राहिला. शास्त्राच्या दृष्टीने प्रयोग फार देखणा. तुलनेचा गट घराच्या आतच सापडला होता. पण ज्या घरात भावाला टोचलं आणि बहिणीला नाही, तिथे तो देखणा वाटला नसणार. आज अशा प्रयोगाला लेखी संमती लागते, समिती लागते, आणि लागायलाच हवी. आणखी एक गोष्ट: उंडेऱ्यात सुया टोचल्या जात होत्या तेव्हा पिसूचा हात आहे हे कोणाला पक्कं ठाऊकच नव्हतं. पॉल-लुई सिमों यांनी ते कराचीत दाखवलं त्याच वर्षीच्या जूनमध्ये, आणि बड्या डॉक्टरांनी ते मान्य करायला आणखी काही वर्षं घेतली. म्हणजे रोग कसा येतो हे कळायच्या आधी त्याला थोपवणं जमलं होतं.

आज प्लेगला डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन अशी औषधं आहेत आणि वेळेत दिली तर माणूस वाचतो. तरी 1994च्या सप्टेंबरात सुरतेची बातमी आली तेव्हा आपल्याकडेही लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते आणि टेट्रासायक्लिन मिळेनाशी झाली होती. त्याच्या आदल्या महिन्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. सुरतेत होता तो फुप्फुसाचा, म्हणून घबराट तिथे जास्त.

प्लेगमध्ये गाठ चार दिवसांत हरते. हत्तीपायात हरायला वर्षं लागतात आणि कळत काहीच नाही.

इथे जंतू म्हणण्यापेक्षा किडाच, दोऱ्यासारखा. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्मा. जांघेतल्या लसिकेच्या नळ्यांत ही जोडी पाच-सहा वर्षं, कधी जास्तही, सुखाने राहते. नळी रुंदावते, झडपा निकामी होतात. मादी लाखो सूक्ष्म पिल्लं सोडते आणि ती रक्तात उतरतात, पण रात्रीच. दिवसा फुप्फुसाच्या वाहिन्यांत दडून बसतात, रात्री दहानंतर हातापायांच्या रक्तात येतात, कारण त्यांना नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. हा गटाराच्या, तुंबलेल्या घाण पाण्यातला डास. दक्षिण गुजरातचा पट्टा या रोगासाठी जुना माहितीचा आहे. तिथे आरोग्य कर्मचारी रात्री दारावर येऊन बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेतात, ते याच कारणाने. "दिवसा या ना," असं म्हणून दार लावून घेणाऱ्यांना ही गोष्ट कोणी नीट सांगत नाही. आता दिवसाही करता येणारी पट्टीची चाचणी निघाली आहे.

पाय सुजून खांबासारखा होतो तो एकट्या किड्यामुळे होत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुंबलेल्या लसिकेत साधे जंतूही माजतात. ते शिरतात बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून. मग थंडी-ताप, पाय लालबुंद, पाच-सहा दिवस अंथरूण. असा एकेक झटका येऊन गेला की सूज थोडी कायमची वाढते, कातडी जाड होते, घड्या पडतात. म्हणून या रोगातलं सगळ्यांत मोलाचं काम न्हाणीघरात होतं. साधं पाणी आणि साधा साबण. घासणी नको, ब्रश नको, हातानेच. घडीन् घडी उघडून धुवायची. मग मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं, बेचक्यांत पातळ सुती कापड घालून ओल काढायची, चीर दिसली तर मलम. रात्री पाय उशीवर वर. रोज. गेलेला आकार पूर्ण परत येत नाही, पण झटके थांबतात आणि माणूस कामावर जाऊ लागतो. अंडकोशात पाणी भरलं असेल तर त्याला छोटी शस्त्रक्रिया आहे. पुरुष लाजेने वर्षानुवर्षं धोतराआड लपवतात.

रोग असलेल्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या देतात, निरोगी दिसणाऱ्यांनाही: डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही ठिकाणी सोबत आयव्हरमेक्टिन. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी यांना वगळतात. गोळी घेतल्यावर डोकं दुखलं, अंग तापलं, तर घाबरून जायचं कारण नाही. रक्तातली पिल्लं मरत असल्याची ती खूण असते.

मलेरियाचं वेगळं. डास चावल्यावर त्याचे परजीवी रक्तातून यकृतात जातात, तिथे वाढतात आणि मग तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. गाठींवर अडायला त्यांना वेळच मिळत नाही. आपल्याकडे दिसणाऱ्या व्हायवॅक्स जातीचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. ताप तीन दिवसांत जातो आणि लोक चौदा दिवसांची प्रायमाक्विन मधेच सोडतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थंडी भरते तेव्हा दोष नव्या डासाला. हे औषध सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी करून घेतलेली बरी. त्या द्रव्याची कमतरता असेल तर प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात.

डेंगी मात्र गाठींची वाट धरतो. कातडीतल्या पहारेकरी पेशींनाच विषाणू लागतो, त्या जवळच्या गाठीत जातात आणि तिथून तो रक्तात पसरतो. लोकांचं सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट. भाजीवाल्याचं भलं होतं. खरा धोका वेगळाच: रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं. हे होतं ते ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे नेमकं घरच्यांचा जीव भांड्यात पडतो तेव्हा. ताप गेला पण पोट फार दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, तर त्याच क्षणी हॉस्पिटल. तापासाठी फक्त पॅरासिटामोल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

विश्वामित्रीला पूर आला की आपण मगरींचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतो. 2024च्या ऑगस्टमध्येही तेच चाललं होतं. मगर दिसते तरी. पुराच्या पाण्यात मिसळलेलं उंदराचं मूत दिसत नाही, आणि त्यातला लेप्टोस्पायरा नावाचा जंतू पायाच्या चिरेतून शिरून सरळ रक्ताची वाट धरतो, मग यकृत आणि मूत्रपिंड. पुरानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखत असतील, तर "मी पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. त्यांनी विचारायची वाट बघू नये.

न दुखणारी गाठ ही वेगळी बाब. मानेवर हळूहळू वाढणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या, न दुखणाऱ्या गाठी, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि घटतं वजन, ही गंडमाळ, म्हणजे गाठींचा क्षयरोग, असू शकते. सुईने थोडा अंश काढून तपासतात; सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाकावी. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, साधारण सहा महिने चालतं. उपचार चालू असताना गाठ मधेच फुगली तरी औषध लागू पडत नाही असं ठरवून मोकळं होऊ नये. आणि फक्त गाठींचा क्षय असलेल्या माणसापासून घरात कोणाला लागण होत नाही, तेव्हा सुनेचं ताट-वाटी वेगळं काढणाऱ्या सासूबाईंना हे कोणीतरी शांतपणे सांगावं. गळपट्टीच्या हाडाच्या वर आलेली, किंवा दगडासारखी कडक आणि जागची न हलणारी गाठ मात्र क्षय की कॅन्सर हे घरी ठरवायची नसते.

उरले ते रोग, जे रक्तातून रक्तात जातात. एचआयव्ही हा खरं तर गाठींचाच शत्रू. गाठींतल्या ज्या पेशी बाकीच्यांना कामाला लावतात, त्यांच्यातच तो वाढतो. पण सुईच्या बाबतीत त्याच्याहून कितीतरी चिवट आहे कावीळ ब. लागण झालेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीन. कावीळ ब लस न घेतलेल्याला लागण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा विषाणू सात दिवस टिकतो. 2009च्या सुरुवातीला मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने कावीळ बची साथ आली आणि अनेक जीव गेले. नवरात्रात पाठीवर टॅटू काढणाऱ्या पोरापोरींनी सुई नवीन पाकिटातून निघाली का, हे बघावंच, पण शाईची वाटीही नवी आहे का ते विचारावं. तीच वाटी सगळ्यांना फिरते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

रक्तपेढीत प्रत्येक पिशवी पाच गोष्टींसाठी तपासतात: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ सी, मलेरिया आणि सिफिलिस. मात्र नुकतीच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, चाचणीला काहीच सापडत नाही. महागड्या न्यूक्लिक ॲसिड चाचणीने हा काळ आखडतो, पण पुरता संपत नाही. रक्तदानाच्या फॉर्मवर टॅटू कधी काढला, कावीळ कधी झाली, मलेरियाचं औषध कधी घेतलं, हे विचारतात ते त्या दिवसांसाठी. शिबिरात रांग मोठी असते, मागचा घाई करतो, आणि बहुतेक जण न वाचताच सगळीकडे "नाही"वर खूण करून पुढे सरकतात.